खळग्यात टाकलेला कचरा ताटात कसा येतो?



१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. म्हणजे होड्या वर ओढायच्या, तळ खरवडायचा, कलर मारायचा, इंजिन खोलायचं, जाळी दुरुस्त करायची. वर्षभराचा कचरा याच दिवसांत बाहेर पडतो. आणि याच दिवसांत परसात भेंडी, मिरची, काकडी लागते, खाजनात भाताची कामं सुरू होतात. कचरा टाकायचे आणि बी टाकायचे दिवस एकच. जागाही बहुतेक एकच, घराच्या मागची.

मागच्या बैठकीत काही सभासदांनी एक सूचना मांडली. धक्क्यामागे खाजनाच्या बांधाला लागून जो खळगा आहे, त्यात या वर्षीचा सगळा कचरा टाकावा आणि वरून माती ओढावी. कचऱ्याचाही प्रश्न सुटेल आणि होड्या ठेवायला जागाही होईल. जागेची अडचण खरी आहे, त्यात वाद नाही. पुढच्या बैठकीत यावर निर्णय घ्यायचा आहे. हात वर करण्याआधी सगळ्यांनी नीट माहिती वाचावी, म्हणून आजचा हा पाठ.

१) माती म्हणजे समुद्र नव्हे

आपली सवय पाण्याची. टाकलेली वस्तू भरती-ओहोटीत दिसेनाशी होते, म्हणून आपल्याला वाटतं गेली. तीही जात नाही, पण तो विषय वेगळा. मातीत तर भरती-ओहोटी नाहीच. जे पडलं ते तिथेच राहतं. शिसं मातीच्या कणांना धरून बसतं आणि वरच्या वीतभर थरातच राहतं. भाजीची मुळंही नेमकी त्याच थरात असतात.

म्हणून कचऱ्याचे दोन प्रकार डोक्यात पक्के करा. एक कुजणारा. माशांची डोकी, आतडी, खपल्या, कुटा, कोळंबीची सालं. हे माती खाते. नारळाच्या आळ्यात कुटा घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती चांगली आहे. दुसरा प्रकार धातूंचा. शिसं, कॅडमियम, तांबं. हे कुजत नाही, जळत नाही, उकळून जात नाही. पन्नास वर्षांनी खणलं तरी तिथेच सापडेल. पहिल्या प्रकाराचं खत होतं. दुसऱ्याचं फक्त ओझं होतं.

२) जपानमध्ये काय झालं

ही गोष्ट कल्पनेतली नाही. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओका इथे जस्ताची मोठी खाण होती. खाणीचं घाण पाणी आणि गाळ नदीत जायचा. खालच्या गावांतले लोक त्याच नदीचं पाणी भातशेतीला घ्यायचे. त्या पाण्यातून कॅडमियम शेतात येऊन बसलं, शेतातून भातात गेलं आणि भातातून माणसांत.

गावातल्या बायकांना, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांना हाडांचं विचित्र दुखणं सुरू झालं. कॅडमियम मूत्रपिंड खराब करतं, मग हाडांना लागणारी द्रव्यं लघवीवाटे निघून जातात. हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकला आला तरी मोडायची. लोकांनी त्या आजाराला नाव दिलं "इताई-इताई". आपल्या भाषेत "दुखतंय गं, दुखतंय". १९६८ मध्ये जपान सरकारने मान्य केलं की हा आजार प्रदूषणाचा आहे.

आता पुढचं लक्षात ठेवा. ती शेतं साफ करायचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. तेहतीस वर्षं! जपानसारख्या पैसेवाल्या देशाला. माती बिघडवायला खर्च नाही, सुधारायला एक पिढी जाते.

कोणी म्हणेल, तिथे खाण होती, आपल्याकडे कुठे खाण आहे? बरोबर आहे. आपला कचरा त्यामानाने थोडा. पण आपली परसबागही तेवढीच लहान. पुढचा हिशोब पहा.

३) चमचाभर शिशाचा हिशोब

एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा भाजीचा वाफा घ्या. वरची १५ सेंटीमीटर माती धरली तर तिचं वजन साधारण २०० किलो भरतं. त्यात ४० ग्रॅम शिसं मिसळलं तर एका किलो मातीमागे २०० मिलिग्रॅम शिसं झालं. अमेरिकेत घराच्या अंगणातल्या मातीसाठी धोक्याची खूण आधी ४०० मिलिग्रॅम होती, २०२४ मध्ये ती २०० वर आणली. म्हणजे त्या खुणेला पोचायला आपल्या एका वाफ्याला ४० ग्रॅम पुरे. शिसं जड असतं, ४० ग्रॅम शिसं एका चहाच्या चमच्यातही मावेल.

आता बोटीची बॅटरी आठवा. तिच्या वजनातलं निम्म्याहून जास्त शिसंच असतं. एक फुटकी बॅटरी म्हणजे कित्येक किलो शिसं.

४) आपल्या धक्क्यावरचा कचरा, एकेक करून

*बॅटरी आणि जाळ्याचं शिसं.* जुनी बॅटरी फोडून आतलं शिसं काढायचं, परसात चुलीवर वितळवायचं आणि जाळ्याच्या गोळ्या ओतायच्या. हे काम अजून काही घरांत चालतं. पैसे वाचतात हे मान्य. पण बॅटरीच्या पट्ट्यांवरची राखाडी भुकटी, ओतताना उडणारी धूळ आणि वर येणारा मळ हे सगळं परसात पडतं. आतलं ॲसिड माती आंबट करतं आणि आंबट मातीत धातू सुटून झाडाला लवकर मिळतो. एकाच कामात विषही टाकलं आणि ते मोकळंही केलं, असं होतं.

*तळाचा कलर.* तळाला शिंप धरू नयेत म्हणून जो कलर लावतात, त्यात बहुतेक तांबं असतं. पूर्वीच्या काही कलरांत टिनचं एक फार विषारी संयुग असायचं. आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून जहाजांना ते वापरायला बंदी आहे. पण जुन्या बोटीच्या खालच्या थरात काय आहे ते कोण सांगणार? खरवडलेला भुसा जिथे साचतो तिथे झाडाची मुळं खुंटतात, पानं पिवळी पडतात. आणखी एक गोष्ट. घरगुती रंगात शिसं किती असावं याला आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, पण ती घराच्या आणि शोभेच्या रंगांसाठी आहे. बोटीचा कलर त्यात येत नाही.

*काळं ऑईल.* इंजिनमधून काढलेलं ऑईल मातीवर ओतलं की मातीच्या कणांवर तेलाचं आवरण बसतं. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. वाळवी मरते म्हणून कुंपणाच्या खांबाजवळ ओतणारे आहेत. वाळवी मरते ती उगाच नव्हे. इंजिनात झिजलेले धातू आणि जळून तयार झालेली घातक द्रव्यं त्यात असतात. पावसाळ्यात ते वाहत शेजारच्याच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतं.

*जाळलेला कचरा आणि त्याची राख.* हा मुद्दा खास घरच्या बायकांसाठी. लाकडाची राख मिरचीवर, वांग्यावर भुरभुरवायची पद्धत जुनी आणि चांगली. पण हल्ली चुलीत किंवा मागच्या खड्ड्यात लाकडाबरोबर नायलॉनची जाळी, वायर, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल जातं. ती राख लाकडाची राख नव्हे. तांबं काढण्यासाठी जाळलेल्या वायरच्या राखेत शिसंही सापडतं. प्लास्टिक जाळलेल्या खड्ड्यातली राख भाजीवर अजिबात टाकू नये.

*शहरातून आलेली भर.* टेंपोवाला फुकटात "माती" आणून टाकतो, आपण खूष. त्यात बांधकामाचा राडा, ट्यूबलाइट, सेल, औषधांच्या बाटल्या, फुटका टीव्ही असतो. मिश्र कचऱ्यातून चाळून काढलेलं स्वस्त खतही तसंच. हातात घेऊन पहा, काच आणि प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते भाजीला नको. ढीग साठला की काय होतं ते मडगावच्या सोनसडोने सगळ्या गोव्याला दाखवलं. अनेक दशकं कचरा साठत गेला आणि मे २०१९ मध्ये लागलेली आग दिवसच्या दिवस धुमसत राहिली. ढिगातून पावसात जे काळं पाणी झिरपतं ते उताराने खाली जातं. खाली नेहमी शेतच असतं.

५) कुठलं पीक किती ओढतं

सगळी झाडं सारखी नसतात.

- पालेभाजी, म्हणजे तांबडी भाजी, पालक, मेथी, कोथिंबीर: सगळ्यात जास्त धोका. कॅडमियम मुळातून पानात चढतं. शिसं मुळातून कमी चढतं, पण पावसाच्या थेंबाने उडालेली माती पानाला चिकटते आणि तीच पोटात जाते.
- मुळा, कणगी, सुरण: माती सालीला लागलेली असते. साल जाड काढावी.
- भेंडी, वांगी, काकडी, दोडका, टोमॅटो: फळात धातू कमी पोचतो. त्यातल्या त्यात बरं.
- भात: कॅडमियम दाण्यात जातं. शेतात पाणी उभं असलं की ते मातीत अडकून राहतं, पाणी काढलं आणि माती सुकली की सुटतं. म्हणजे दाणा भरायच्या वेळी शेत कोरडं पडलं की भातात जास्त जातं. खाजनाच्या खारट मातीत मिठामुळे कॅडमियम आणखी सैल होतं, हेही ध्यानात ठेवा.

पालेभाजीत शिसं किती चालेल याची कोडेक्स नावाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, एका किलोत ०.३ मिलिग्रॅम. डोळ्यांना दिसणारी ही मात्राच नाही. भाजी हिरवीगार, टवटवीत दिसेल, चवीलाही फरक पडणार नाही. तीन पाण्यांनी धुतली तर चिकटलेली माती जाते, म्हणून धुवायचं जरूर. पण पानाच्या आत गेलेलं धुऊन जात नाही आणि शिजवूनही जात नाही.

६) सगळ्यात आधी मुलं

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं बरंचसं बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लहान मूल त्याच शिशातून मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असंही संघटना सांगते. परिणाम मेंदूवर होतो. मूल शिकण्यात मागे पडतं, लक्ष लागत नाही, चिडचिड करतं. आपण म्हणतो अभ्यास करत नाही, आणि तिथेच थांबतो. झालेलं नुकसान पुढे भरून येत नाही. गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं.

रांगतं मूल अंगणातली माती तोंडात घालतंच. त्याला कोण अडवणार? म्हणून अंगणच स्वच्छ ठेवायचं.

७) खाजन गेलं तर आपला धंदाही जातो

कोणी म्हणेल, आपण मच्छीमार, शेतीचं शेतकरी बघतील. पण खाजन म्हणजे नुसतं शेत नव्हे. बांध, मानस आणि भात ही आपल्या पूर्वजांनी बसवलेली एकच घडी आहे. मानशीतून भरतीचं पाणी आत येतं, त्याबरोबर कोळंबी, शेवटे, चिंगळं येतात. ओहोटीला पाणी बाहेर जातं तेव्हा आतलं जे काही असेल ते खाडीत जातं. खळग्यातलं काळं पाणीसुद्धा.

आणि खाडीत खाली काय आहे? तिसरे आणि कालवं. ही पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले धातू त्यांच्या अंगात साठत जातात. ज्या बायका ओहोटीला तिसरे काढून संसार चालवतात, त्यांच्या टोपलीत आपल्या धक्क्यावरचं शिसं जायचं का, एवढाच प्रश्न आहे. एकदा एखाद्या खाडीच्या मालाचं नाव खराब झालं की गिऱ्हाईक परत आणणं किती कठीण असतं ते आपल्याला सांगायला नको.

८) माती तपासायची कशी

बऱ्याच जणांकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. ही योजना २०१५ पासून सुरू आहे. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह अशा बारा गोष्टी तपासतात. शिसं आणि कॅडमियम त्यात नाही. म्हणून पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असं समजू नका. धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. कुठे होईल, खर्च किती, हे कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याला एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जी संस्था आहे तिथे विचारता येईल.

नमुना घ्यायची पद्धत अशी:

१. बी टाकायच्या आधी घ्या, खत घातल्यावर नको.
२. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करा. खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा.
३. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्या आणि एकत्र कालवा.
४. गंजलेलं फावडं नको, प्लास्टिक किंवा लाकडाचं हत्यार घ्या.
५. सावलीत सुकवून अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. नाव, जागा, तारीख लिहा.
६. जिथे बॅटरी फोडली, ऑईल ओतलं किंवा कचरा जाळला, तिथला नमुना वेगळा ठेवा. सगळ्यात मिसळलात तर खरं चित्र दिसणार नाही.

९) माती आधीच खराब असेल तर

घाबरून जायचं कारण नाही, पण काही गोष्टी पाळा.

- शंका असलेल्या जागेत पालेभाजी आणि कंद लावू नका. तिथे अबोली, झेंडू, शेवंती लावा. फूल केसात आणि देवाला जातं, पोटात नाही.
- भाजी हवीच असेल तर पिशव्यांत किंवा उंच वाफ्यात, बाहेरून आणलेली चांगली माती भरून लावा.
- आपली जांभ्या दगडाची माती मुळात आंबट. शिंपल्यांचा चुना आणि भरपूर शेणखत घातलं की धातू मातीत धरून राहतो आणि झाडाला कमी मिळतो. चुना किती घालायचा ते सामू तपासून ठरवा. मात्र याने धातू नाहीसा होत नाही, फक्त बांधला जातो.
- उघडी माती ठेवू नका. झावळ्या, पेंढा अंथरला की माती पानांवर उडत नाही.
- मुलांनी अंगणातून आल्यावर हात धुऊनच जेवायला बसावं.

१०) या बंदीत काय करूया

संस्थेच्या कार्यालयातून पुढील व्यवस्था सुचवत आहे. बैठकीत सभासदांनी दुरुस्त्या कराव्यात.

- जुनी बॅटरी अख्खीच दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. जुन्या बॅटरीचे पैसेही वळते होतात. फोडायची गरज नाही.
- जाळ्याच्या गोळ्या तयार विकत घ्याव्यात. संस्थेने एकत्र मागवल्या तर भाव कमी पडेल.
- काळं ऑईल गोळा करायला धक्क्यावर झाकणाचं एक पिंप ठेवावं. ऑईल परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावं, तसा नियम आहे.
- तळ खरवडताना खाली ताडपत्री अंथरावी. भुसा गोळा करून बंद पिंपात भरावा. वारा असताना कोरडं घासू नये, पाणी मारून घासावं, आणि ते पाणीही ताडपत्रीवरच राहील असं बघावं. मुलांना जवळ येऊ देऊ नये.
- जाळी, दोर, थर्माकोल जाळायचं नाही. वेगळं बांधून पंचायतीच्या कचरा गाडीत द्यायचं.
- माशांची घाण मात्र वेगळी ठेवा. ती नारळाला घाला, ते सोनं आहे.

आता खळग्याचा विषय. किनारा नियमन क्षेत्रात कचऱ्याने भर घालायला १९९१ च्या अधिसूचनेपासूनच मनाई आहे आणि २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांच्या संरक्षणाचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कायद्यानेही ते बसत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब साधा आहे. खळगा भरला तर चार-पाच होड्यांची जागा होईल. त्या बदल्यात बांधापलीकडचं भात, शेजारच्या विहिरी आणि खाडीतले तिसरे आपण पणाला लावणार. होड्यांच्या जागेसाठी पंचायतीकडे रीतसर अर्ज करता येईल, दोन गटांत पाळीपाळीने होड्या वर घेता येतील, असे मार्ग आहेत. बिघडलेल्या मातीला मार्ग नाही.

बैठकीला घरच्या बायकांनाही आणा. परसातली भाजी त्या लावतात, तिसरेही त्याच काढतात, त्यांचं मत पहिलं ऐकायला हवं. कोणाच्या परसात पूर्वी बॅटरी फोडलेली असेल किंवा कचरा जाळलेला असेल तर संकोच न करता कार्यालयात सांगा, नावं कुठे लावली जाणार नाहीत. अशा आठ-दहा जागांचे नमुने एकत्र पाठवले तर खर्चही वाटून घेता येईल.

प्रश्न असतील तर खाली लिहा, जमेल तशी उत्तरं देतो. आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या जाणत्यांना हा पाठ वाचून दाखवा.

आपला,
सचिव